नियम आहे, कारण कुठे आहे?

संगणकात ज्ञान भरता येतं, असं आपण हल्ली सहज बोलून जातो. हे बोलणं आज एका जुन्या उदाहरणावर तपासू. जुनं अशासाठी की त्याच्या आत काय होतं ते उघडून वाचता येतं.

१९७०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी 'मायसिन' ही प्रणाली केली. रक्तातला जंतुसंसर्ग, मेंदूज्वर यांवर कोणतं प्रतिजैविक द्यावं, हे ती सुचवी. तज्ज्ञांकडून घेतलेले काही शे नियम तिच्यात होते : अमुक असेल तर तमुक. मेंदूज्वराच्या १० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९७९ साली आले. सल्ला कोणाचा, हे परीक्षकांना ठाऊक नव्हतं. मायसिनला ६५ टक्के मिळाले. तिथल्या प्राध्यापकांपैकी कोणीही त्यापुढे गेलं नाही.

मग अडचण कुठे आली? विल्यम क्लॅन्सी हे नियम वापरून विद्यार्थ्यांना शिकवायला गेले तेव्हा. एक नियम पाहा : रुग्ण ८ वर्षांखालचा असेल तर टेट्रासायक्लिन देऊ नये. का? ते वाढत्या दातांत, हाडांत साठतं आणि दात कायमचे डागाळतात. हे कारण नियमात नव्हतंच. यंत्राला 'का' विचारलं की ते नियमच वाचून दाखवी. (असे शिक्षकही आम्ही पाहिले आहेत, असो.)

दुसरी गंमत. रुग्ण मद्यपी आहे का, याआधी 'वय १७ पेक्षा जास्त' अशी अट होती. तिचा रोगाशी संबंध नाही. लहान मुलाबद्दल असला प्रश्न निघू नये, एवढ्यासाठी ती. म्हणजे वैद्यक आणि शिष्टाचार एकाच ओळीत, आणि यंत्राला दोन्ही सारखेच!

आपले नैयायिक इथे थांबवतील. हेतू आहे, व्याप्तीही सांगितली आहे. पण ती कशाच्या आधारावर उभी आहे? अग्नी असेल तिथे धूर असतोच, असं म्हणता येत नाही. ओलं सरपण लागतं. हा उपाधी ज्याला माहीत, त्यालाच व्याप्ती कुठे तुटते ते कळतं. समजा, मूल मरणाच्या दारात आहे आणि दुसरं औषध लागू पडत नाही. दात डागाळतात हे जाणणारा डॉक्टर दात आणि जीव यांची तुलना करील आणि नियम मोडेल. मायसिनला मोडता येणार नाही, कारण तुलनेला तिच्याजवळ दातच नाहीत.

एडवर्ड फायगेनबाम यांनी या कामाला 'ज्ञान अभियांत्रिकी' म्हटलं. आम्हाला हे नाव फार उदार वाटतं. ६५ टक्के खरे आहेत, रुग्णाला तेवढं पुरेलही. पण त्या चाचणीत 'का' हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.