'वावटळ' आणि दोषाची वाटणी

३० जानेवारी १९४८ च्या सायंकाळी दिल्लीत बिर्ला भवनाच्या प्रांगणात गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा राज्यकर्त्यांस शोकाच्या आधी एक चिंता पडली, ती मारेकऱ्याच्या धर्माची. तो मुसलमान असल्याचा नुसता प्रवाद उठला असता, तरी त्या रात्री देशात काय घडले असते ह्याची कल्पनाही करवत नाही. म्हणून नभोवाणीने निधनवार्तेबरोबरच मारेकरी हिंदू असल्याचे सांगितले. ज्या भोपाळात बसून आम्ही हे लिहीत आहो, तेही तेव्हा एका नबाबाचे संस्थान होते. त्या एका वाक्याने किती गावांतील किती घरे वाचली, ह्याची मोजदाद होणे शक्य नाही. परंतु पुढे मारेकऱ्याचे नाव कळले, गाव कळले, जात कळली. आणि मग दुसरीच घरे पेटली.

व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' ही कादंबरी ह्या दुसऱ्या घरांची आहे. 'बनगरवाडी'च्या लेखकाकडून वाचक माणदेशाची अपेक्षा करतो. येथेही माणदेश आहे, पण तो पुण्याहून गावाकडे परतणाऱ्या तरुणांच्या वाटेवरचा. पाऊलागणिक त्यांस कळत जाते की, जेथे पोहोचावयाचे आहे ते ठिकाण आता पूर्वीचे उरलेले नाही. माडगूळकर स्वतः त्याच मुलखातील ब्राह्मण घरातले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर कोणी नावे ठेवली नसती. पण त्यांनी तो केलेला नाही. आग लावणाऱ्यांस त्यांनी राक्षस केले नाही; ती ओळखीची माणसे आहेत, आणि हेच अधिक भयंकर आहे. जळिताविषयी इतक्या कमी शब्दांत लिहावयास किती सोसावे लागले असेल, हे जाणत्या वाचकास सांगावयास नको.

जे घडले ते थोडे नव्हते. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या भागांत गावोगावचे वाडे जळाले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. मुंबईत नारायणराव सावरकर दगडफेकीत जबर जखमी झाले आणि १९४९ मध्ये वारले. ह्यामागे केवळ गांधीजींविषयीची भक्ती होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. सावकारीचा सल होता, जमिनीचा सल होता, ब्राह्मणेतर चळवळीच्या काळापासून साचलेली कटुता होती. गांधीजींचा देह हे निमित्त झाले. पण सल कितीही खरा असला, तरी ज्या भिक्षुकाच्या छपराला काडी लागली त्याने ना कोणास कर्ज दिले होते, ना पिस्तूल पाहिले होते. गांधीजी ज्यांस आपले राजकीय गुरू म्हणत ते गोखले मारेकऱ्याच्याच पोटजातीचे, आणि विनोबाही त्याच. एका पोटजातीच्या पदरात गुरू, शिष्य आणि खुनी असे तिघेही असतील, तर काडी नेमकी कोणाच्या नावाने ओढावयाची?

धर्माचेही तेच आहे. नथुराम गीतेचा अभिमानी होता आणि गांधीजींच्या सायंप्रार्थनेत स्थितप्रज्ञाची लक्षणे रोज म्हटली जात. ते त्या प्रार्थनेकडेच निघाले होते. मारेकऱ्याच्या हाताचा दोष ग्रंथाच्या माथी मारावयाचा, तर मरणाऱ्याच्या अभयाचे श्रेयही त्याच ग्रंथास द्यावे लागेल. अशा ताजव्याने धर्म तोलता येत नाही.

येथवर आमचे देवस्थानी वाचक समाधानाने मान डोलावतील. पण आम्हांस येथे थांबता येत नाही, आणि कादंबरीविषयीची आमची तक्रारही येथूनच सुरू होते.

तक्रार नावापासूनच आहे. वावटळ माळावरून उठते, छपरे उडविते आणि निघून जाते. तिला कोणी जबाबदार नसतो. आग लावणारे हात वाऱ्याचे नव्हते आणि पिस्तुलाचा चाप ओढणारे बोटही वाऱ्याचे नव्हते. ह्या एका रूपकाने लेखकाने शेजाऱ्यांस क्षमा केली, हे त्याचे औदार्य; परंतु त्याच रूपकाच्या आडोशाला आणखीही कोणीतरी उभे राहिले. कादंबरीचे अवधान जळत्या घरावर आहे. ज्याच्यामुळे ते जळले त्याच्याशी आपले नाते काय, हा प्रश्न तिच्यात मागे राहतो.

तो प्रश्न त्या वेळी कोणी विचारलाच नव्हता असे नाही. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९४८ मध्ये एकवीस दिवसांचा उपवास केला. पालगडचा हा कोकणस्थ ब्राह्मण. पंढरीच्या विठ्ठलाचे दार हरिजनांस उघडावे म्हणून त्याने १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावले होते. गांधीजींच्या खुनाशी त्याचा संबंध तो काय? तरीही त्याने उपवास केला. जमावाने लादलेला दोष हा अन्याय होता. तोच भार ह्या माणसाने कोणी न सांगता उचलला. आमच्या शास्त्रांस हे नवे नाही. घरात अशौच आले तर ते सर्वांनी पाळावयाचे असते, पण पाळणारास कोणी अपराधी म्हणत नाही. बाहेरच्याने दारावर फासलेले डांबर आणि घरच्यांनी पाळलेले सुतक ह्यांतला भेद 'वावटळी'त उमटला असता, तर ती कादंबरी आणखी मोठी झाली असती.

हा भेद आज आम्हांस भोपाळात अधिक जाणवतो. २९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावात स्फोट होऊन सहा माणसे मेली आणि पुढे 'भगवा दहशतवाद' असा शब्द राजकारणात रूढ झाला. भगवी पताका खांद्यावर घेऊन पंढरीस चालत जाणाऱ्या वारकऱ्यास त्या शब्दाने काय वाटले असेल! ३१ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्या खटल्यातील सातही आरोपींस निर्दोष सोडले. पण ते दोषी ठरते, तरी भगव्या रंगाचा अपराध सिद्ध झाला नसता. हे ज्यांना पटते, त्यांनी दुसऱ्या धर्माचे विशेषण दहशतवादास लावताना तोच न्याय का सोडावा? १९९२ च्या डिसेंबरात अयोध्येतील घटनेची किंमत भोपाळच्या गल्ल्यांनी मोजली. शंभरावर माणसे मेली. पापाची जात काढण्याचा हा उद्योग शेवटी कोणाच्या दारात येतो, हे ह्या शहरास ठाऊक आहे.

मात्र त्याच खटल्यातील एक आरोपी प्रज्ञा सिंह ठाकूर ह्यांनी मे २०१९ मध्ये भोपाळच्या उमेदवार असताना नथुरामास देशभक्त म्हटले, तेव्हा दोष कोणी बाहेरून लादला नव्हता. त्यांनी क्षमा मागितली. आपण त्यांस मनापासून क्षमा करू शकणार नाही, असे पंतप्रधान म्हणाले. त्याआधी, नोव्हेंबर २०१७ मध्ये ग्वाल्हेरात हिंदु महासभेच्या कार्यालयात नथुरामाचा अर्धपुतळा बसवून त्या जागेस मंदिर म्हटले गेले. प्रशासनाने तो हलविला. गांधीजींवर झाडलेले पिस्तूलही ग्वाल्हेरातच मिळविलेले होते. प्रतिष्ठापना म्हणजे काय हे देवळाच्या माणसांस आम्ही सांगावयास नको. गोळ्या एकट्याने झाडल्या, हे खरे. पण मूर्ती एकट्याने बसविली जात नाही. तिला मांडव लागतो, हार लागतो, आरतीला चार माणसे लागतात, आणि दाराशी उभे राहून काही न बोलणारी चाळीस लागतात. त्या चाळिसांनी मग 'आमच्या धर्मास का दोष देता' असे विचारू नये.

गांधीजींच्या मृत्यूनंतर काहींनी मिठाई वाटली, असे सरदार पटेलांनी १९४८ मध्येच एका पत्रात लिहिले. जळालेल्या वाड्याची कादंबरी माडगूळकरांनी आम्हांस दिली आणि ती प्रत्येक मराठी घरात वाचली जावी असे आम्हांस वाटते. आता त्या मिठाईच्या शेजारघराची कादंबरी कोणी लिहिली तर हवी आहे: ताटली दारात आली तेव्हा कोणी हात पुढे केला, कोणी दार लावून घेतले, आणि दार लावणाराच्या वाड्यासही आठ दिवसांनी तीच काडी कशी लागली.