‘द इटालियन’ : एका बाटली दुधाची गोष्ट

‘द इटालियन’ हा मूकपट १९१५ साली अमेरिकेत निघाला. दिग्दर्शक रेजिनल्ड बार्कर. आधी ठरलेले नाव इटालियनांना हिणवणारी शिवी होती. नायक जॉर्ज बेबन यांच्या आग्रहाने ते बदलले.

व्हेनिसचा नावाडी बेप्पो न्यूयॉर्कला येऊन बूटपॉलिश करतो, पै पै जमवून अॅनेटला बोलावतो आणि लग्न करतो. मुलगा होतो. उन्हाच्या काहिलीत बाळ आजारी पडते. त्याला पाश्चराइज्ड दूध हवे. दुधाचे पैसे चोर लुबाडतात आणि त्यांच्याशी झटापट केली म्हणून पोलीस बेप्पोलाच पकडतात. वॉर्डाचा पुढारी कॉरिगन मोटारीतून जात असतो. बेप्पो मोटारीला लोंबकळून विनवतो. कॉरिगन लाथ मारून त्याला खाली पाडतो. तो तुरुंगात असतानाच बाळ जाते.

बेबन यांचे हातवारे सुरुवातीला जरा जास्त वाटतात, पण मोटारीच्या प्रसंगात शब्दांची उणीव भासत नाही. नव्या मुलखात प्रोटेक्सिया नसलेल्या माणसाचे काय होते, हे आपल्या ओलीम पिढीला समजावून सांगायला नको.

पुढे कॉरिगनचे मूल आजारी पडते. बेप्पो सूड घ्यायला घरात शिरतो. पण त्या मुलात आपले बाळ दिसते आणि तो माघारी फिरतो. प्रसंग हृदयाला भिडतो. तरी कॉरिगनला जाब कोणीच विचारत नाही. मोठेपण गरिबानेच दाखवायचे, हे आम्हांला पटले नाही. अॅनेटच्या दुःखालाही फार थोडी जागा मिळाली आहे.

खऱ्या न्यूयॉर्कमध्ये नाथान श्ट्राउस यांनी १८९३ पासून गरिबांच्या मुलांसाठी पाश्चराइज्ड दुधाची केंद्रे चालवली होती. आपले नतान्या शहर त्यांच्याच नावाचे. आपण मुलांना लस टोचायला ज्या टिपत हलावमध्ये नेत होतो, त्या नावाचा अर्थही दुधाचा थेंब. बाळाचे दूध कोणाच्या मेहेरबानीवर राहू नये म्हणून अशी सोय करावी लागते. चित्रपट तिथपर्यंत पोहोचत नाही. तो रडवतो आणि थांबतो.

तरीही अवश्य पाहावा. पाट्या इंग्रजीत आहेत. नातवंडांना शेजारी बसवा, ती वाचून दाखवतील. मोटारीचा प्रसंग मात्र त्यांना आपणच समजावून सांगावा.