पाहणीचे आकडे आणि जाळ्याचे आस

दहावी-बारावीचे निकाल लागले की शिक्षकांपुढे एक प्रश्न हमखास येतो. संगणक क्षेत्रात जायचे आहे, तर काय शिकावे? कोणती प्रोग्रॅमिंग भाषा घ्यावी? घरी बसून काम मिळेल का? या प्रश्नांना उत्तर देताना हल्ली एका पाहणीचा आधार पुष्कळदा घेतला जातो. स्टॅक ओव्हरफ्लो ही संस्था २०११ पासून दरवर्षी जगभरच्या सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना त्यांचे शिक्षण, अनुभव, पगार, वापरातील भाषा आणि कामाची पद्धत याविषयी प्रश्न विचारते व उत्तरांची टक्केवारी प्रसिद्ध करते. वृत्तपत्रे त्यातील दोन-चार आकडे उचलतात आणि ते आकडे फिरत फिरत शाळेच्या फलकापर्यंत येतात.

या पाहणीचे परीक्षण आम्ही येथे एका विशिष्ट ठिकाणाहून करणार आहोत. पालघर तालुक्यातील मुरबे हे समुद्रकाठचे मासेमारीचे गाव. दक्षिणेला खाडीपलीकडे सातपाटी, उत्तरेला १९६९ पासून वीज देणारे तारापूरचे अणुवीज केंद्र आणि ईशान्येला बोईसरची औद्योगिक वसाहत. या गावातील एखाद्या विद्यार्थिनीने हा अहवाल वाचला, तर त्यातील किती भाग तिच्या उपयोगाचा आहे, हा आमचा प्रश्न आहे.

मुरबे गाव निवडण्याचे आणखी एक कारण म्हणजे जाळे. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात जाळ्याचा एक दृष्टान्त दिला होता. एक अभ्यासक दोन इंच आसाचे जाळे समुद्रात टाकतो आणि मिळालेली मासळी मोजून ठरवतो की, दोन इंचांहून लहान मासा समुद्रात नसतोच. मुरबे-सातपाटीच्या कोणाही मच्छीमाराला यातील चूक समजावून सांगावी लागणार नाही. पापलेटचे जाळे वेगळे, बोंबील-जवळ्याचे डोल जाळे वेगळे, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते. जाळ्यात काय आले यावरून समुद्राविषयी बोलण्याआधी तो आस पाहतो. पाहणीलाही असाच आस असतो. तो तपासण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न : उत्तरे कोणी दिली?

ही पाहणी इंग्रजीत असते आणि तिचे आवाहन मुख्यतः त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून व पत्रांतून केले जाते. ज्याला सवड आणि इच्छा असेल तो उत्तर देतो. २०२३ साली सुमारे ८९ हजार जणांनी उत्तरे दिली. त्यांत अमेरिकेतील १८ हजारांहून अधिक होते, तर भारतातील साडेपाच हजारांच्या आसपास, म्हणजे सुमारे ६ टक्के. भारतातील माहिती-तंत्रज्ञान उद्योगात मात्र नॅसकॉम या उद्योगसंघटनेच्या अंदाजानुसार २०२३-२४ मध्ये सुमारे ५४ लाख माणसे काम करीत होती.

स्त्रियांच्या बाबतीत ही तफावत अधिकच ठळक होते. २०२२ च्या पाहणीत उत्तरे देणाऱ्यांपैकी सुमारे ९२ टक्के पुरुष होते. (२०२३ च्या पाहणीत हा प्रश्नच वगळण्यात आला.) नॅसकॉमच्या मते भारतातील या उद्योगात स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३६ टक्के आहे. या दोन आकड्यांची थेट तुलना करता येणार नाही, कारण नॅसकॉमच्या आकड्यात सॉफ्टवेअर न लिहिणारे कर्मचारीही येतात. तरीही एवढा फरक केवळ त्यामुळे पडला असेल, असे मानणे कठीण आहे. मुरब्याच्या मुलीने ९२ टक्के पुरुष हा आकडा वाचून ‘हे क्षेत्र आपले नाही’ असा निष्कर्ष काढला, तर तो निष्कर्ष जाळ्याचा असेल, समुद्राचा नव्हे.

येथे कोणी म्हणेल की, ८९ हजार हा आकडा लहान का आहे? संख्याशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे : नमुना मोठा असला म्हणजे तो प्रातिनिधिक असतोच असे नाही. १९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. त्यांपैकी २३ लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून लँडन विजयी होणार असे भाकीत करण्यात आले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. पत्ते मुख्यतः दूरध्वनीच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते आणि मंदीच्या त्या काळात या दोन्ही वस्तू गरिबाघरी क्वचितच असत. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी कोणी घेतली, यानेही निकाल झुकला. जॉर्ज गॅलप यांनी याहून कितीतरी लहान नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला होता.

दुसरा प्रश्न : टक्के कशाचे?

‘रस्ट’ नावाच्या भाषेविषयी २०२४ च्या पाहणीतील ८३ टक्के हा आकडा बराच गाजला. पुष्कळांनी त्याचा अर्थ असा घेतला की, शंभरांतील ८३ प्रोग्रॅमरना ही भाषा आवडते. मूळ आकडा तसे म्हणत नाही. ज्यांनी वर्षभरात ती भाषा वापरली, त्यांच्यापैकी ८३ टक्के लोकांना ती पुढेही वापरायची होती. वापरणारे मात्र एकूण उत्तरदात्यांपैकी सुमारे १३ टक्केच होते. वर्गात हे असे सांगता येईल : ४० मुलांच्या वर्गात ५ जण बुद्धिबळ खेळतात आणि त्यांपैकी ४ जणांना पुढेही खेळायचे आहे. यावरून ‘८० टक्के वर्गाला बुद्धिबळ आवडते’ असे फलकावर लिहिले, तर मुलेच हसतील. अपूर्णांकातील छेद विसरला की असे होते. येथे अहवालाचा दोष कमी आणि घाईने वाचणाऱ्यांचा अधिक आहे.

तिसरा प्रश्न : विचारले काय होते?

२०२४ साली उत्तरे देणाऱ्या नोकरदारांपैकी ४२ टक्के काही दिवस घरून व काही दिवस कार्यालयातून, ३८ टक्के पूर्णपणे घरून आणि २० टक्के कार्यालयातच काम करीत होते. हे आकडे ‘प्रोग्रॅमरांची पसंती’ या मथळ्याखाली दिलेले आढळतात. प्रश्न मात्र सध्याच्या परिस्थितीविषयी होता, पसंतीविषयी नव्हता. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने ऑक्टोबर २०२३ पासून कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावले, तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांची परिस्थिती बदलली. त्यांची पसंतीही त्याच दिवशी बदलली असे कोणी म्हणणार नाही.

मुरबे गावात हा भेद अगदी जवळून जाणवतो. येथून मुंबईत कामाला जाणाऱ्याला आधी बोईसर किंवा पालघर गाठावे लागते आणि मग पश्चिम रेल्वेची गाडी धरावी लागते. डहाणूपर्यंत लोकल एप्रिल २०१३ मध्ये आली, त्यामुळे सोय झाली. अंतर तेवढेच राहिले. ‘आठवड्यातून तीन दिवस कार्यालय’ याचा अर्थ अंधेरीत राहणाऱ्याला एक आणि मुरब्यात राहणाऱ्याला दुसरा. जागतिक सरासरीत हे दोघेही एकाच रकान्यात बसतात.

इतके दोष सांगितल्यावर हा अहवाल बाजूला ठेवावा काय? आम्हाला तसे वाटत नाही. आपला नमुना कोठून आला हे संस्था लपवीत नाही. मूळ उत्तरे, नावे वगळून, ती सर्वांसाठी खुली ठेवते. असा साठा वर्गात हाताळण्यास फार उपयोगी आहे. शिवाय वर्षानुवर्षांच्या आकड्यांतून एक गोष्ट दिसते, जी मथळ्यांत सहसा येत नाही. वापरात आघाडीवर असलेल्या भाषा जुन्या आहेत. जावास्क्रिप्ट १९९५ ची, पायथन १९९१ ची, तर एसक्यूएलचा उगम १९७० च्या दशकातला. आज दहावीत असलेल्या मुलाच्या जन्माआधीपासून त्या चालत आल्या आहेत. ‘दर सहा महिन्यांनी सारे बदलते’ ही भीती या आकड्यांना धरून नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी मात्र सावधपणे वाचावे. २०२५ च्या पाहणीत ८४ टक्के लोकांनी अशी साधने आपण वापरतो किंवा वापरणार आहोत असे सांगितले. त्यांच्या उत्तरांच्या अचूकतेवर विश्वास असणारे ३३ टक्के, तर अविश्वास असणारे ४६ टक्के होते. पण उत्तरदात्यांची संख्या २०२३ मधील ८९ हजारांवरून २०२५ मध्ये सुमारे ४९ हजारांवर आली आहे. गेल्या काही वर्षांत त्या संकेतस्थळावर प्रश्न विचारणारेही घटले. जे लोक आता आपले प्रश्न थेट यंत्राला विचारतात, त्यांचा या संकेतस्थळाशी संबंध कमी झाला असेल, तर ज्यांच्याविषयी जाणून घ्यायचे तेच जाळ्याबाहेर राहतात. दोन वर्षांच्या आकड्यांतील फरक मतांतला की माणसांतला, हे अशा वेळी सांगता येत नाही.

शिक्षकांनी एक प्रयोग अवश्य करावा. ‘कामावर पोचण्यास किती वेळ लागतो?’ हा एकच प्रश्न विद्यार्थ्यांच्या तीन गटांनी तीन ठिकाणी विचारावा : सकाळी बोईसर स्थानकाच्या फलाटावर, औद्योगिक वसाहतीत पाळी सुटताना आणि मुरब्याच्या किनाऱ्यावर होड्या लागल्यावर. प्रत्येक ठिकाणी तीस माणसे पुरेत. तिन्ही सरासऱ्या फलकावर शेजारी-शेजारी लिहाव्यात आणि मग विचारावे की, यांतील ‘बोईसर परिसराची’ सरासरी कोणती? त्यानंतर मोठ्या पाहणीचा तक्ता मुलांपुढे ठेवावा. संगणक क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थिनीला कोणती भाषा शिकावी याचे उत्तर त्यातून मिळेलच असे नाही. पण आकड्यांचा उगम विचारण्याची सवय तिला लागेल, आणि पुढे ती कोणत्याही भाषेत आज्ञावली लिहो, ही सवय तिला रोज लागणार आहे.