फादर स्टीफन्सचीं गोव्याहून लिहिलेलीं पत्रें : कृतज्ञतेच्या पुराव्याचें मोल

परदेशीं धर्मप्रसारार्थ गेलेल्या पाद्र्यांचीं पत्रें व प्रवासवृत्तें आपल्या इतिहासाचीं साधनें म्हणून वाचूं लागलें, म्हणजे एक अडचण हटकून पुढें येते. या लेखनाचा बराच भाग आभारानें भरलेला असतो. समुद्रांतून सुखरूप पार पडल्याबद्दल ईश्वराचे आभार, बंदरावर उतरून घेणाऱ्यांचे आभार, आणि ज्या लोकांत जाऊन राहावयाचें त्यांच्या गुणांचें थोडेंबहुत कौतुक. कांहीं अभ्यासक हा मजकूर निव्वळ शिष्टाचाराचा समजून वगळतात व तारखा आणि गांवांचीं नांवें तेवढीं उतरून घेतात. दुसरे कांहीं या आभारावर इतके लुब्ध होतात कीं, तेवढ्यावरून लेखकास व त्याच्या सबंध कार्यास प्रशस्तिपत्र देऊन मोकळे होतात. आमच्या मतें या दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. कृतज्ञता हाहि एक पुरावाच आहे; मात्र ती कोणीं, कोणाविषयीं, कशाबद्दल व केव्हां व्यक्त केली, हें तपासल्यावांचून तिचें मोल ठरत नाहीं. हें दाखविण्यासाठीं आम्हीं ख्रिस्तपुराणकर्ता फादर थॉमस स्टीफन्स याचीं पत्रें उदाहरणादाखल घेतलीं आहेत.

स्टीफन्स हा इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांतल्या बुश्टन गांवचा, जन्म इ. स. १५४९ च्या सुमाराचा. एलिझाबेथ राणीच्या अमलांत कॅथॉलिक पंथाच्या माणसास स्वदेशीं उघडपणें धर्माचरण करणें कठीण झालें होतें. तो रोमला गेला, १५७५ सालीं जेसुइट संघांत दाखल झाला व ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून पांच जहाजांच्या तांड्याबरोबर हिंदुस्थानास निघाला. २४ ऑक्टोबर रोजीं तो गोव्यास उतरला. त्यानंतर १६१९ सालीं मरण येईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, तो स्वदेशीं परतला नाहीं.

त्याचें पहिलें पत्र १० नोव्हेंबर १५७९ चें असून तें लंडनमधील आपल्या व्यापारी पित्यास लिहिलेलें आहे. त्यांत मार्गाचें वर्णन तपशिलानें आलें आहे. गिनीच्या किनाऱ्याजवळील निर्वात समुद्र, होकायंत्राच्या सुईचा पालट, शार्क मासे व समुद्रपक्षी, केप ऑफ गुड होपची धास्ती, आणि उशीर झाल्यामुळें मादागास्करच्या बाहेरून धरावी लागलेली लांबची वाट, हें सर्व तो सांगतो. अन्नपाणी खुटल्यानें खलाशांच्या हिरड्या सुजत व कापाव्या लागत, पाय सुजत, अंग बधिर होई. दीडशेंहून अधिक माणसें आजारी पडलीं व सत्तावीस दगावलीं, असें तो नमूद करतो. किनारा जवळ आल्याच्या खुणा म्हणून त्यानें ओळखीचे पक्षी, वाहत आलेल्या ताडामाडांच्या फांद्या, पाण्यावर पोहणारे साप आणि नाण्यासारखा ठसा असलेला एक वाटोळा सागरी पदार्थ सांगितला आहे. पाणी संपत आलें असतां भूमि दिसली व गोव्यांत आपलें अत्यंत ममतेनें स्वागत झालें, असें सांगून तो आनंद व्यक्त करतो.

आतां या आभाराचें मोल काय? पत्राची तारीख पाहिली तर तें उतरल्यानंतर अवघ्या सतराव्या दिवशीं लिहिलें आहे. तेवढ्या अवधींत त्याचा संबंध मुख्यतः आपल्या संघाच्या लोकांशीं व पोर्तुगीजांशीं आलेला असणार. म्हणून ज्या ममतेचा तो उल्लेख करतो, ती गोमंतकीय जनतेची ममता म्हणून उद्धृत करणें सयुक्तिक नव्हे. समुद्रप्रवासाविषयीं मात्र हीच कृतज्ञता उत्तम साक्षीदार ठरते. सत्तावीस मृत्यु सांगून तो लगेच म्हणतो कीं, इतर खेपांच्या मानानें ही हानि फारशी मानली गेली नाहीं. बचावल्याचा आनंद मानणारा माणूस नकळत आपणांस इतर खेपांची स्थिति सांगून जातो. आभाराचा भाग गाळणाऱ्याच्या हातीं केवळ एक आंकडा राहतो. तो वाचणाऱ्यास त्या आंकड्याचा अर्थहि कळतो.

हें पत्र रिचर्ड हक्लूट यानें आपल्या १५८९ च्या प्रवाससंग्रहांत छापलें. हक्लूट हा प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक. त्यास जेसुइटाच्या भक्तीचें अगत्य नव्हतें, पूर्वेच्या जलमार्गाचें होतें. यावरून कांहीं लेखक असें विधान करतात कीं, या पत्रामुळें ईस्ट इंडिया कंपनीचा जन्म झाला. कंपनीची सनद ३१ डिसेंबर १६०० ची आहे. मध्यंतरीं ड्रेकची पृथ्वीप्रदक्षिणा, स्पॅनिश आरमाराचा पराभव, लंडनच्या लेव्हांट व्यापाऱ्यांच्या हालचाली व डच लोकांच्या सफरी, एवढीं कारणें पडलेलीं आहेत. मुलानें बापास लिहिलेल्या एका पत्रावर साम्राज्याचें ओझें लादणें बरें नव्हे.

दुसरें पत्र २४ ऑक्टोबर १५८३ चें, भाऊ रिचर्ड यास लिहिलेलें. आमच्या दृष्टीनें हें अधिक मोलाचें आहे. त्याच सालच्या जुलै महिन्यांत साष्टींतील कुंकळ्ळी येथें गांवकऱ्यांनीं पांच जेसुइटांस ठार मारलें होतें. अकबराच्या दरबारीं राहून आलेला रुडॉल्फ आक्वाव्हिव्हा त्यांपैकींच एक. स्टीफन्स साष्टींतच काम करीत असल्यामुळें हा घाव त्याच्या अगदीं जवळचा होता, व पत्रांत त्या घटनेची हकीकत आहे. तरीहि त्याच पत्रांत तो या देशच्या भाषांची स्तुति करतो. त्यांचे उच्चार कानास गोड लागतात, रचना ग्रीक व लॅटिन भाषांच्या जातीची आहे, आणि एकेक अक्षर एकेका अवयवाचें काम करतें, असें तो म्हणतो. नारळाच्या झाडापासून तेल, ताडी, गूळ, शिर्का, दोर आणि झोंपडीचें छप्पर कसें मिळतें, तेंहि तो कौतुकानें लिहितो. राग धरण्यास ताजें कारण असतां केलेली ही स्तुति शिष्टाचाराची म्हणतां येणार नाहीं. मात्र येथेंहि अतिशयोक्ति नको. भाषाकुलाचा सिद्धांत यानें विल्यम जोन्सच्या आधीं दोनशें वर्षें मांडला, असें कोठें कोठें लिहिलेलें आढळतें; त्यानें साम्य टिपलें, सिद्धांत मांडला नाहीं.

या पत्राची दुसरी बाजूहि झांकतां येत नाहीं. साष्टींतील देवळें पोर्तुगीज अमलानें १५६७ सालीं पाडलीं होतीं आणि इन्क्विझिशनची स्थापना १५६० सालींच झाली होती. कुंकळ्ळीच्या प्रमुखांस पुढें बोलणें करण्याच्या मिषानें बोलावून असोळणें येथील किल्ल्यांत ठार करण्यांत आलें. पाद्र्याचें पत्र युरोपांत जपलें गेलें. गांवकऱ्यांनीं लिहिलेलें तसें पत्र आपणांपुढें नाहीं. कृतज्ञतेचें साधन वाचतांना, त्याच वेळीं कृतज्ञ होण्याजोगें ज्यांच्या वांट्यास कांहींच आलें नाहीं, त्यांची आठवण ठेवणें हें संशोधकाचें कर्तव्य आहे.

तिसरा पुरावा स्टीफन्सच्या लेखणींतला नसून त्याच्याविषयींचा आहे. १५८३ च्या अखेरीस होर्मुझ येथें पकडलेले जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स व जेम्स स्टोरी हे चार इंग्रज गोव्याच्या तुरुंगांत आणले गेले. त्यांची जामिनावर सुटका होण्याच्या कामीं स्टीफन्सनें खटपट केली व न्यूबेरीनें ती पत्रांत नमूद केली. पंथानें विरुद्ध असलेल्या माणसानें मानलेला हा उपकार, मित्राच्या स्तुतीपेक्षां अधिक विश्वसनीय होय. पुढें स्टोरी गोव्यांत राहिला आणि इतर तिघे गुपचूप निघून आदिलशाही मुलुखांत शिरले. फिचच्या वृत्तांतांत प्रथम ज्या गांवाचें नांव येतें तें बेळगांव असल्याचें विद्वान मानतात; तेथील हिरेमाणकांच्या बाजाराचा त्यानें उल्लेख केला आहे.

आम्ही ज्या चंदगडांत बसून हें लिहीत आहों, तो मुलूख याच वाटांच्या शेजारचा. एका अंगास बेळगांव, दुसऱ्या अंगास घाट उतरून तळकोंकण व गोवा. १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगांव जिल्ह्यांतच मोडत असे. फिच रामघाटानेंच चढला असें ठरविण्याचा मोह येथील अभ्यासकांस होणें साहजिक आहे. परंतु त्याच्या वृत्तांतांत घाटाचें नांव नाहीं, तेव्हां तो मोह टाळलेला बरा. चंदगडचा संबंध आम्हांस दुसऱ्याच कारणानें महत्त्वाचा वाटतो, आणि तें कारण भाषेचें आहे.

स्टीफन्सचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत तो सांगतो कीं, ग्रंथ मराठींत लिहिला असला तरी शुद्ध मराठी सामान्य लोकांस कळणार नाहीं म्हणून त्यांत कोंकणी शब्द मिसळले आहेत. चंदगडी बोलींत मराठी, कोंकणी व कानडी यांची जी सरमिसळ आजहि ऐकूं येते, ती कानीं असलेल्या वाचकास या विधानाचें मर्म लवकर कळेल. ग्रंथारंभींच्या भागांत मराठीची जी स्तुति आहे, ती १५८३ च्या पत्रांतील स्तुतीचीच परिणति होय. फरक एवढाच कीं, पत्रांत तो पाहुण्याप्रमाणें कौतुक करतो, आणि पुराणांत तीस वर्षांहून अधिक काळ कष्ट करून तो आपलें ऋण फेडतो. त्याच पुराणांत, आमचीं जुनीं पुराणें वर्ज्य केलींत तर त्यांच्या जागीं दुसरें द्या, अशा आशयाची एका नवख्रिस्ती ब्राह्मणाची विनंतीहि आहे. कर्त्यानें ही विनंति लपविली नाहीं, हें त्याच्या प्रामाणिकपणाचें द्योतक. व तींत जें हरपलें त्याची कबुली आहे, हें इतिहासकारानें विसरूं नये.

५ डिसेंबर १६०८ रोजीं त्यानें संघाच्या मुख्याधिकाऱ्यास लिहिलेलें पत्र ग्रंथसंग्राहकांनीं मुद्दाम पाहावें. या देशच्या भाषेंत व या देशच्या लिपींत पुस्तक छापलेलें पाहावें, अशी फार वर्षांची इच्छा त्यानें त्यांत व्यक्त केली असून, युरोपांत चोवीस साचे पुरतात तेथें येथें सहाशें लागतात, ही अडचण सांगितली आहे. ती इच्छा पुरी झाली नाहीं. १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकहि छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो नकलकारांच्या हातांनीं. त्या हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें रोमन आवृत्ति काढली व शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं पुण्यास देवनागरी आवृत्ति प्रसिद्ध केली. लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रत, मराठी संतवाङ्मयाचे अभ्यासक जस्टिन अ‍ॅबट यांनीं १९२० नंतरच्या दशकांत उजेडांत आणली व तीच मूळ असल्याचें मत दिलें. तींत परकीय शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द आढळतात, एवढ्यावरून ती आधीची कीं मागाहून संस्कारलेली, हें ठरत नाहीं; ओवीगणिक पाठ ताडून पाहिल्याखेरीज हा वाद मिटणार नाहीं.

येथें आमच्या संग्राहक बंधूंस एक विनंति करावीशी वाटते. मोडी रुमाल दिसतांच आपला हात पुढें होतो. रोमन लिपींतील कागद मात्र फिरंगी म्हणून बाजूस टाकला जातो. तो उच्चारून पाहिला तर आंत आपलीच ओवी निघण्याचा संभव असतो. पोर्तुगालांतील ब्रागा येथील ग्रंथालयांत रामायण-महाभारतांतील कथा कोंकणी गद्यांत व मराठी पद्यांत, रोमन लिपींत लिहिलेल्या सांपडल्या आहेत. १६८४ सालीं व्हाइसरॉयनें देशी भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढल्यानंतरहि ख्रिस्तपुराण हातोहात उतरलें गेलें व गायिलें गेलें, यावरून ज्यांनीं तें जपलें त्यांची या भाषेवरील निष्ठा दिसून येते. घाटमाथ्यावरील व घाटाखालील ख्रिस्ती कुटुंबांत असा कागद आढळल्यास तो मराठीचाच ठेवा समजून त्याची नक्कल करून ठेवावी, मालकाची संमति घ्यावी, आणि लिपीवरून वा धर्मावरून त्याची प्रतवारी लावूं नये.

तात्पर्य, स्टीफन्सची पहिल्या पत्रांतील कृतज्ञता समुद्राविषयीं प्रमाण, दुसऱ्यांतील भाषेविषयीं प्रमाण; साष्टीच्या लोकस्थितीविषयीं मात्र दोन्हीं पत्रें अपुरीं. विलायतेंतून आलेल्या एका पाद्र्यानें या भाषेचें ऋण मानून तें फेडण्यांत आयुष्य वेंचलें. त्याच्या ग्रंथाची चिकित्सापूर्वक शुद्ध प्रत सिद्ध करणें हें आतां आपल्याकडे राहिलेलें देणें आहे.