ठिगळांचा झगा

लग्नाच्या स्वागतसमारंभात वधूवरांच्या नृत्यासाठी एक इंग्रजी गीत हटकून वाजवले जाते. 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' हे ते गीत. गेली तीस वर्षे आम्ही ते मंडपामंडपांतून ऐकत आलो आहोत. शीर्षकातले प्रेम तेवढे सर्वांच्या कानी पडते. गीतातली स्त्री मात्र त्या प्रेमाचा निरोप घेऊन निघालेली असते. हे ताटातुटीचे गीत आहे, मीलनाचे नव्हे, असे नवरीच्या बापाच्या कानात सांगण्याचे धैर्य आम्हांला अद्याप झालेले नाही.

दुसरा गैरसमज गीताच्या कर्तृत्वाविषयीचा. १९९२ साली 'द बॉडीगार्ड' या चित्रपटात व्हिटनी ह्यूस्टनने ते गायिले आणि अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत ते सलग चौदा आठवडे अग्रस्थानी राहिले. आम्ही तेव्हा सेमिनरीत होतो आणि ते व्हिटनीचेच समजत होतो. वस्तुतः ते डॉली पार्टन हिने १९७३ साली लिहिले आणि प्रथम तिनेच गायिले. डॉलीचे नाव आमच्या कानावर नव्हते असे नाही, पण ते छायाचित्रांपुरते. पिवळ्याधमक केसांचा उंच टोप, चमचमता तंग पोशाख, लांबच लांब नखे. आमच्या वसई-मुंबईच्या ख्रिस्ती घरांतून जिम रीव्हजच्या तबकड्या भक्तिभावाने ऐकल्या जात. त्याचा मऊ, सभ्य आवाज वडीलधाऱ्यांना चाले. ही बाई चालत नसे. तिचे एकही गीत पुरते न ऐकता आम्हीही तिच्याविषयी मत बनवून बसलो होतो, ही कबुली आधीच दिलेली बरी.

डॉलीचा जन्म १९ जानेवारी १९४६ रोजी टेनेसी राज्यातल्या सेव्हियर जिल्ह्यात, डोंगराळ भागात झाला. बारा भावंडांतली ती चौथी. वडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. बाळंतपणाला आलेल्या मिशनरी डॉक्टरची फी त्यांनी मक्याच्या पिठाच्या रूपाने दिली, ही गोष्ट तिने पुनःपुन्हा सांगितली आहे. आईकडचे आजोबा पेंटेकोस्टल प्रवचनकार होते. त्यांच्या प्रार्थनामंदिरात तिचा आवाज प्रथम घुमला. तेराव्या वर्षी, १९५९ साली, ती नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या विख्यात मंचावर गायिली आणि १९६४ साली शाळा संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी बस पकडून नॅशव्हिलला गेली.

तिच्या साऱ्या कारकिर्दीची किल्ली आम्हांस १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या 'कोट ऑफ मेनी कलर्स' या गीतात सापडते. १९६९ साली गायकमेळ्याच्या दौऱ्यावर, बसमध्ये, कपडे धुलाईच्या पावतीच्या पाठकोऱ्या बाजूवर तिने ते लिहून काढले. कथा साधी आहे. कोणीतरी दिलेल्या चिंध्यांतून आई मुलीसाठी कोट शिवते आणि शिवता शिवता तिला योसेफच्या झग्याची गोष्ट सांगते. मुलगी ऐटीत शाळेत जाते. मुले हसतात.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. उत्पत्तीच्या पुस्तकातील त्या वस्त्राचे हिब्रू वर्णन संदिग्ध आहे. ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांनी त्याला बहुरंगी मानले, इंग्रजीने तीच वाट धरली. आपल्या मराठी बायबलात मात्र तो 'पायघोळ झगा' आहे. त्यामुळे योसेफचे नाव घेताच इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांसमोर जे रंग उभे राहतात, ते आपल्यापुढे उभे राहत नाहीत. आपल्याला हे गीत समजून घ्यायचे तर घरातली गोधडी आठवावी: नेसून विरलेली लुगडी, बापाचा सदरा, धाकट्याचे झबले, सारे एका धाग्यात.

आता या गीताची खरी खुबी पाहा. योसेफचा झगा बापाच्या पक्षपातातून आला आणि त्याने भावांचा मत्सर ओढवून घेतला. डॉलीचा कोट आईच्या अभावातून आला आणि त्याने वर्गातला उपहास ओढवून घेतला. मुलगी शाळेच्या वाटेवर आहे ती आपण योसेफ आहोत अशा समजुतीत. आपला हेवा केला जाईल असे तिला वाटते. मत्सराची अपेक्षा आणि पदरी हसे, या दोहोंमधल्या अंतरात सारे गीत सामावले आहे. कवयित्री हे अंतर समजावून सांगत बसत नाही. मुलीचा आपल्या कोटावरचा विश्वास शेवटपर्यंत ढळत नाही आणि आपण मात्र मनातून ढळतो.

एका ठिकाणी आमचे तिच्याशी जमत नाही. माणूस स्वतःहून ठरवील तेव्हाच गरीब असतो, अशा अर्थाचे काहीतरी ती मुलगी म्हणते. पावसाळ्यात गळक्या छपराखाली बसलेल्या कुटुंबाला हे कोणी ऐकवू नये. परंतु हे अर्थशास्त्रज्ञाचे विधान नव्हे. आईच्या हातच्या कामावर हसलेल्यांना एका पोरीने हुंदका गिळून दिलेले ते उत्तर आहे, आणि तेवढ्यापुरते ते खरे आहे.

त्या टोपाचा आणि चमचमाटाचा अर्थ आम्हांला या गीतामुळे लागला. लहानपणी गावातली एक बदनाम बाई आपल्याला फार सुंदर दिसे आणि तिच्यावरूनच आपण आपले रूप घडवले, असे डॉली मोकळेपणाने सांगत आली आहे. लोक हसणार हे ठाऊक असताना तिने तो कोट पुन्हा अंगावर चढवला, आणि या खेपेस स्वतः शिवून. १९६७ साली तिचे पहिले मोठे गाजलेले गीत आले ते 'डम्ब ब्लॉन्ड' या नावाचे, म्हणजे मंदबुद्धी सुवर्णकेशी. ते दुसऱ्याने लिहिलेले होते, पण पुढे तिला मंदबुद्धी समजणाऱ्यांची व्यवहारात फसगत झाली.

१९६७ साली पोर्टर वॅगनर या बड्या गायकाच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तिला स्थान मिळाले. प्रेक्षकांना तिच्या आधीची गायिका, नॉर्मा जीन, हवी होती. त्यांनी हिला सहजी स्वीकारले नाही. सात वर्षांनी स्वतंत्र वाट धरायची वेळ आली तेव्हा वॅगनर सोडीना. वाद संपेना, तेव्हा तिने एक गीत लिहून त्याच्या कार्यालयात जाऊन म्हणून दाखवले. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. मंडपात वाजते ते हेच गीत. कृतज्ञता आणि स्वातंत्र्य एकाच श्वासात मागणारे हे राजीनामापत्र आहे, असे म्हटले तरी चालेल. पुढे १९७९ साली वॅगनरने तिला न्यायालयात खेचलेच. प्रकरण तडजोडीने मिटले. २००७ साली तो मृत्युशय्येवर होता तेव्हा ती त्याच्या उशाशी होती.

याच गीताची दुसरी कथा पैशाची आहे आणि आमच्या मते ती कमी महत्त्वाची नाही. एल्व्हिस प्रेस्ली ते गाणार असे ठरले होते. त्याच्या व्यवस्थापकाने, कर्नल टॉम पार्करने, प्रकाशनहक्कांतला निम्मा वाटा मागितला. आपण रात्रभर रडलो पण नकार दिला, असे डॉली सांगते. विशीतच मामाबरोबर स्वतःची प्रकाशनसंस्था काढणारी ही मुलगी होती. ज्याच्या बापाने दुसऱ्याच्या शेतात वाटा उचलला, त्याच्या लेकीला निम्म्या वाट्याचा अर्थ कोणी शिकवायला नको होता. व्हिटनीच्या तबकडीचे उत्पन्न आले ते त्या नकारामुळे.

यानंतरचा पल्ला कंट्रीकडून पॉपकडे जाण्याचा, आणि येथे आमचा उत्साह थोडा आवरतो. १९७४ साली ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला कंट्रीचा मोठा पुरस्कार मिळाला तेव्हा जुन्या गायकांनी जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट यांच्या घरी जमून निषेधाची संघटना उभारली. त्या मंडळींत डॉलीही होती. तीनच वर्षांनी, १९७७ साली, 'हिअर यू कम अगेन' हे बॅरी मॅन आणि सिंथिया वाईल यांचे निखळ पॉप गीत तिने गायिले आणि तबकडी दहा लाखांवर खपली. त्यात स्टील गिटार घालण्याचा तिने आग्रह धरला, म्हणजे आपण घर सोडले असे कोणी म्हणू नये. आम्हांला ते स्टील गिटार पुराव्यादाखल जोडलेल्या दाखल्यासारखे वाटते. या काळातल्या कितीतरी तबकड्या इतक्या गुळगुळीत इस्त्री केलेल्या आहेत की कुठे शिवण हाताला लागत नाही. अपवाद १९८० सालच्या 'नाईन टू फाईव्ह' चा. कचेरीत राबणाऱ्या स्त्रियांचे ते गीत. त्याचा ताल तिला आपल्या लांब कृत्रिम नखांच्या टकटकीत सापडला, कारण ती टकटक टंकलेखन यंत्रासारखी ऐकू येई. ज्या नखांवर लोक हसत, त्यांनीच तिला गीत दिले!

१९८६ साली तिने आपल्याच जिल्ह्यात 'डॉलीवूड' हे करमणूक उद्यान सुरू केले. शेकडो घरांना त्याने रोजगार दिला, हे मान्य. पण तिथे तिच्या बालपणीच्या घराची प्रतिकृती आहे आणि लोक तिकीट काढून ती पाहतात. गरिबी गाण्यात सांगणे वेगळे आणि ती काचेआड मांडणे वेगळे. या प्रतिकृतीसमोर आम्ही असतो तर अवघडलो असतो. आतली मांडणी खुद्द तिच्या आईने केली होती, हे कळल्यावर ते अवघडलेपण थोडे कमी झाले, नाहीसे झाले नाही.

१९९९ साली, नभोवाणीवाल्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली असताना, 'द ग्रास इज ब्लू' या संग्रहाने ती बॅन्जो-फिडलच्या ब्लूग्रासकडे परतली. शिवण पुन्हा दिसू लागली. १९९५ साली तिने निरक्षर वडिलांच्या आठवणीने जिल्ह्यातल्या बालकांना जन्मापासून पाच वर्षांचे होईपर्यंत दरमहा टपालाने एक पुस्तक पाठवण्यास आरंभ केला होता. २०१८ साली ही संख्या दहा कोटींवर गेली आणि देशाबाहेरही पोचली. २०१६ च्या वणव्यात घरे गमावलेल्या कुटुंबांना तिच्या निधीतून दरमहा हजार डॉलर मिळाले. याविषयी पुष्कळ लिहिले जाते, म्हणून आम्ही थांबतो.

ज्याविषयी कमी लिहिले जाते ते १९७० सालचे 'डाऊन फ्रॉम डोव्हर'. 'जोलीन' सर्वांना ठाऊक आहे: नवरा हिरावू पाहणाऱ्या स्त्रीशी भांडण्याऐवजी तिच्या रूपाची स्तुती करून तिला विनवणारी बायको. 'डोव्हर' त्याहून कठीण आहे. लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी प्रियकर डोव्हरहून परत येईल म्हणून वाट पाहते. आईबाप तोंड फिरवतात, घर सुटते. महिने सरतात, तो येत नाही. बाळ येते ते निष्प्राण, आणि त्या मौनातून तिला समजते की तो येणारच नाही. नभोवाणीवर असले गीत चालणार नाही, असे त्या वेळी वॅगनरचे मत होते. त्याचे व्यावहारिक म्हणणे बरोबरच असावे.

या गीतात बाप आहे, आई आहे, प्रार्थनामंदिर मात्र नाही. प्रवचनकाराच्या नातीने ते विसरून वगळले असेल असे आम्हांला वाटत नाही. त्या मुलीला तिथे जावे असे वाटलेच नाही. आमच्याही धर्मग्रामात अशा एका मुलीच्या घरी आम्ही गेलो होतो, पण फार उशिरा, शेजाऱ्यांची कुजबुज थांबल्यावर. तिच्या आईने खुर्ची पुसून दिली, चहा दिला. मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

२००१ साली, पंचावन्न वर्षांची असताना, डॉलीने 'लिट्ल स्पॅरो' या संग्रहात ते गीत पुन्हा गायिले. आम्ही दोन्ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकली. पहिल्यात वाट पाहणारी मुलगी ऐकू येते. दुसऱ्यात आवाज वयाने भरला आहे, तरीही तो डोव्हरच्या रस्त्याकडेच डोळे लावून आहे.