‘आला’ या क्रियापदाविषयी

मलिक अंबरवर मराठीत आणि उर्दूत जे लेखन आमच्या वाचनात आले, त्यातल्या बहुतेकांचा साचा एकच. हबशाचा एक पोरगा गुलाम म्हणून दख्खनेत आला, निजामशाहीचा वजीर झाला, त्याने मोगलांना जेरीस आणले, जमिनीचा धारा बांधला आणि १६१० मध्ये खडकी शहर वसवले. मग भडकल दरवाजा, मग नहर, मग आपल्या समाजाला अभिमान. यातले काही खोटे नाही. आमची तक्रार फक्त ‘आला’ या क्रियापदाशी आहे. तो आला नव्हता, आणला गेला होता.

१५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला हा चापू मोखा, बगदाद असा विकला गेला. बगदादच्या मीर कासिमने त्याला शिकवले, अंबर हे नाव दिले. शेवटी त्याला विकत घेतले अहमदनगरच्या पेशव्याने, चंगेजखानाने. हा चंगेजखान स्वतः हबशी आणि स्वतः एकेकाळचा गुलाम! त्याने घेतलेल्या सुमारे हजार हबशांपैकी अंबर एक. उरलेल्यांविषयी आमचे लेखक अवाक्षर काढत नाहीत. रिचर्ड ईटन यांनी दख्खनच्या सामाजिक इतिहासावरील २००५ च्या ग्रंथात या बाजाराची दोन्ही टोके दाखवली आहेत : इथिओपियाला हिंदुस्थानी कापड हवे होते, दख्खनच्या दरबारांना भाऊबंद नसलेले शिपाई हवे होते.

हे वाचल्यावर खडकीच्या जुन्या वस्त्यांची नावे वेगळी ऐकू येतात. मालपुरा, खेलपुरा, विठापुरा, परसपुरा ही नावे अंबरच्या मराठा सरदारांची. सरदार आला तो गोत घेऊन आला, म्हणून त्याचा पुरा झाला. ज्याला आईबापापासून तोडून विकले, त्याच्या नावाने पुरा कुठून वसणार? शहर वसवणाऱ्याचेही नाव शहराला मिळाले नाही. खडकीचे फतेहनगर झाले ते त्याच्या मुलाच्या, फतेहखानाच्या नावावरून, आणि पुढे औरंगजेबाने तेही पुसले. शहराचे नाव २०२३ मध्ये पुन्हा बदलले. त्या वादात शिरण्याची ही जागा नव्हे.

आम्ही ढोकीचे. आमच्याच जिल्ह्यातल्या परंड्याला, १६०० मध्ये अहमदनगर पडल्यावर, अंबरने मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. अंबरला १६१७ मध्ये भेटलेला डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुके लिहितो, की शहाच्या थोरल्या इराणी बेगमेने या मुलीला हबशीण आणि रखेल म्हणून हिणवले, आणि त्यातून पुढे विषप्रयोग झाला. कहाणी ऐकीव असेल. पण बाप वजीर असतानाही मुलीला जो टोमणा बसला, तो आमच्या अभिमानपर लेखांत का येत नाही?

कारण तो टोमणा आमच्या घरात अजून वापरात आहे. मिलादच्या जलशात हजरत बिलालचे नाव निघाले की आमचे डोळे पाणावतात. आणि मुलासाठी स्थळ पाहून आलेली आमच्याच मोहल्ल्यातली खाला ओट्यावर बसून सांगते, “पोरगी शिकलेली आहे हो, घराणंही चांगलं, पण रंग अगदी हबशिणीसारखा.” ऐकणाऱ्यांत अंबरवर लेख लिहिणारेही असतात. आम्हीही होतो, आणि चहा पीत राहिलो.