दोन पॅटर्न आणि एक कागद

‘पॅटर्न’ हा शब्द मराठीत रुळवला तो लातूरने. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात जादा तास, सराव परीक्षा आणि पुन्हा सराव परीक्षा अशी जी शिस्त बसली, तिला लोक ‘लातूर पॅटर्न’ म्हणू लागले. मग गुणवत्ता यादीपासून पीक पद्धतीपर्यंत कशालाही पॅटर्न म्हणण्याची सवय महाराष्ट्राला जडली. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ आला, तेव्हा त्या नावातला उपरोध सर्वांत आधी लातूर-नांदेडच्या प्रेक्षकाला कळायला हवा होता. खेड्यातल्या मुलाने शहरात जाऊन डॉक्टर-इंजिनियर व्हायचे, हा एक पॅटर्न. शहरच चालत खेड्यात आले की तिथल्या मुलाने भाई व्हायचे, हा दुसरा.

मी तो चित्रपट नांदेडच्या चित्रपटगृहात पाहिला. भोवती बहुतेक शिकवणी वर्गांची मुले होती. नीटची तयारी करणारी, खोली करून राहणारी. ‘आरारारा’ गाण्याला शिट्ट्या पडल्या. पण मोहन जोशींचा सखा पाटील स्वतःच विकलेल्या जमिनीवर रखवालदार म्हणून उभा राहिला, तेव्हा थिएटर गप्प झाले. ती शांतता मला शिट्ट्यांपेक्षा महत्त्वाची वाटली. त्या मुलांपैकी अनेकांच्या शिकवणीची फी रान गहाण ठेवून किंवा विकूनच भरलेली असते.

वंचित वस्तीतली गुन्हेगारी कथा चांगली की वाईट, हे ठरवताना आपण सहसा भाषा अस्सल आहे का, कोयता खरा वाटतो का, गल्ली खरी आहे का, एवढेच पाहतो. माझा निकष वेगळा आहे. ती वस्ती वंचित कशी झाली, कोणत्या कागदाने झाली, हे त्या कथेला माहीत आहे का? आणि माहीत असेल तर तो कागद ती शेवटपर्यंत पडद्यावर ठेवते का? गुंड तर कुणालाही रंगवता येतो. सातबारा रंगवणे अवघड.

‘मुळशी पॅटर्न’ला कागद माहीत आहे, यात शंका नाही. मुळशी तालुक्यातच हिंजवडी येते आणि लवासाही. जमिनीला सोन्याचा भाव आला, फेरफार झाले, बंगले उठले आणि ज्याच्या नावावर सातबारा होता तो फाटकावर सलाम ठोकू लागला. याच मातीत १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता. तेव्हा जमीन घेणारा समोर दिसत होता, म्हणून त्याच्याशी लढता आले. तरडे यांच्या चित्रपटात घेणारा पैसे मोजून, गोड बोलून, गळ्यात हात घालून घेतो. महेश मांजरेकरांचा शिरप्या हा दलाल कुठेही खलनायकासारखा वागत नाही. हे चित्रपटाचे सर्वांत खरे निरीक्षण आहे. पुढे हे कुटुंब पुण्याच्या मार्केट यार्डात येते, ओझी उचलते आणि ओम भूतकरचा राहुल्या नान्याभाईच्या टोळीत शिरतो. भूतकरने डोळ्यांतली भूक आणि पुढे तिचा झालेला माज दोन्ही इतके नेमके पकडले आहेत, की त्या भूमिकेपुढे मराठीतले पुष्कळसे ‘भाई’ जत्रेतले वाटतात.

पण मध्यंतराच्या आसपास कुठेतरी कागद हरवतो. मग उरतात टोळ्या, बदले, गाड्या, फलक. बापाने जमीन विकली ही त्याची चूक, असा सूर वरचढ होतो आणि जमीन विकावीच लागेल अशी परिस्थिती ज्यांनी आखली ते कथेबाहेर निघून जातात. रखवालदार सखाला पाहून गप्प झालेले प्रेक्षागृह नंतर पुन्हा शिट्ट्या मारू लागले, यात सगळा दोष मुलांचा नव्हता.

हे माझ्या ध्यानात नीट आले ते ‘फोर ब्लॉक्स’ ही जर्मन मालिका उपशीर्षके वाचत पाहिल्यावर. २०१७ ते २०१९ या काळात तिचे तीन भाग आले; पहिल्याचे दिग्दर्शन मार्विन क्रेन यांचे. बर्लिनच्या नॉयकोल्न या कष्टकरी, स्थलांतरितांच्या भागात टोनी हमादी हा लेबनॉनी घराण्याचा म्होरक्या अमली पदार्थांचा धंदा चालवतो. किडा खोद्र रमदान यांनी तो असा उभा केला आहे, की आपल्याकडच्या एखाद्या थकलेल्या थोरल्या भावाची आठवण यावी. टोनीला धंदा सोडायचा आहे. घर, दुकान, सरळ मिळकत हवी आहे. अडते कुठे? त्याच्याकडे जर्मनीत राहण्याचा पक्का परवाना नाही.

जर्मन कायद्यात ‘डुल्डुंग’ नावाची एक अवस्था आहे. शब्दाचा अर्थ सोसून घेणे. तुम्हाला देशाबाहेर काढायचे आहे, पण सध्या काढता येत नाही, तोवर तुम्हाला सोसले जाईल, असा तो मुदतीचा कागद. तो संपायच्या आत पुन्हा रांगेत उभे राहायचे. लेबनॉनमधल्या यादवीतून सत्तर-ऐंशीच्या दशकांत बर्लिनला पोहोचलेल्या अनेक कुटुंबांनी वर्षानुवर्षे याच अवस्थेत काढली आणि त्यांतल्या पुष्कळांना दीर्घकाळ कायदेशीर काम करण्याची मुभाच नव्हती. जो कायद्याने कमावू शकत नाही, तो कसा कमावतो, हे मालिका भाषण न करता दाखवते. टोनीच्या हातात पिस्तूल असते तेव्हाही आपल्याला भीती त्या परवान्याच्या अर्जाची वाटत राहते. भाऊ अब्बासने केलेली प्रत्येक आगळीक त्या अर्जावर डाग पाडते. गुन्हा आणि कागद एकमेकांना सोडत नाहीत.

मालिका निर्दोष नाही. रॅप गायकांना भूमिका दिल्या, त्यांच्याबरोबर महागड्या गाड्या आणि संथ गतीतली चालही आली. नॉयकोल्नमध्ये राहणाऱ्या, सकाळी कामावर जाणाऱ्या अरब माणसाला या मालिकेने काय दिले, हा प्रश्न विचारायलाच हवा. तरी टोनीची बायको कलीला नवऱ्याला सोडवण्यासाठी नव्हे, स्वतःला आणि लेकीला त्या घरातून सोडवण्यासाठी विचार करते. ‘मुळशी पॅटर्न’मधल्या बायकांना असा स्वतःचा विचार फारसा मिळालेला नाही.

मराठीत कागद शेवटपर्यंत धरून ठेवणारी कलाकृती नाही असे मात्र नाही. जयंत पवारांचे ‘अधांतर’ हे नाटक १९८२ च्या गिरणी संपानंतरच्या एका चाळीतल्या खोलीत घडते. घरातला नरू टोळीत जातो, पण टोळी रंगमंचावर येत नाही. येते ती दाराबाहेरची चाहूल आणि आईची घालमेल. बंद गिरणीचे हजेरीपुस्तक जणू त्या खोलीच्या मधोमध पडलेले असते. याच नाटकावरून मांजरेकरांनी २०१० मध्ये ‘लालबाग परळ’ केला. कॅमेरा खोलीतून बाहेर पडला आणि नरू मधोमध आला. गिरणी पार्श्वभूमीला गेली. माध्यम बदलले की एवढे होणारच, असे म्हणता येईल. मला ते पटत नाही, कारण क्रेन यांनी चित्रमाध्यमातच ते टाळून दाखवले आहे.

‘मुळशी पॅटर्न’वरून मांजरेकरांनीच २०२१ मध्ये हिंदीत ‘अंतिम’ केला. त्यात कागद आणखी पातळ झाला, कारण सलमान खान समोर असताना सातबारा कोण वाचणार! त्यांनी पोलीस अधिकारी शीख केला आहे. महाराष्ट्राच्या पोलिसांत शीख, याचे इतरत्र नवल वाटले असेल. हुजूर साहिबच्या नांदेडात मराठी बोलणारे सरदारजी पिढ्यानपिढ्या शेजारी राहतात.

आता जे मला मराठवाड्यात बसून दिसते, ते सांगतो. मार्केट यार्डाच्या प्रसंगांत राहुल्याच्या मागेपुढे डोक्यावर पोती घेतलेली माणसे जातात. ती कुठली, हे चित्रपट विचारत नाही. १९७२ च्या दुष्काळापासून मराठवाड्यातून पुण्या-मुंबईकडे माणसांची रीघ लागली आणि शहरांतल्या हमालीच्या, बांधकामाच्या कामांत ती मुरली. मुळशीच्या मुलाची जमीन गेली म्हणून तो हमाल झाला, ही शोकांतिका. आमच्याकडच्या माणसाची जमीन गेलेली नाही, सातबाऱ्यावर नाव अजून आहे, फक्त त्या रानात पाणी नाही. तो हमाल होतो तेव्हा ती पार्श्वभूमी. दुसऱ्याच्या गुन्हेगारी नाट्यात आम्ही गर्दीच्या जागी उभे असतो.

चित्रपट पाहून बाहेर पडताना एका विद्यार्थ्याने हसत हसत हेच बोलून दाखवले. त्याच्या बापाचे दोन एकर रान आहे, ते फुकटच्या भावातही कुणी विचारत नाही, तेव्हा आपल्या गावात असला पॅटर्न होणे नाही. तो गंमत करत होता. त्याने परीक्षेचा अर्ज भरताना पत्ता म्हणून खोलीमालकाचा पत्ता दिला होता, आपल्या वस्तीचा नाही. ते मात्र गंमत म्हणून नव्हते.

इथे गुन्हा घडत नाही असे नाही. त्याचा आकार निराळा आहे. जून २०२४ मध्ये नीटच्या प्रकरणात नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाने लातूरमधून दोन शिक्षकांना चौकशीसाठी ताब्यात घेतले. म्हणजे ज्या शहराने पॅटर्न शब्द दिला, त्याच्याच परीक्षेच्या कागदावर संशय आला. या गोष्टीत कोयता नाही, टोळीयुद्ध नाही. आहे ते प्रवेशपत्र, गहाण ठेवलेले रान आणि खोलीत एकटे बसलेले सतरा वर्षांचे पोर. आपल्या पटकथाकारांना हे नाट्य वाटत नाही, कारण त्यात कुणी कुणाच्या अंगावर धावून जात नाही.

आणि २०१६ चे लातूर. त्या मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लागू झाली; कलम १४४. पाचांहून अधिक माणसांनी टाकीजवळ एकत्र येणे हा गुन्हा ठरला. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. कॅमेरे त्या गाडीकडे धावले. कुणीतरी कॅमेरा त्याआधीच्या रात्रीवर लावायला हवा होता. टाकीपाशी चार जणी घागरी घेऊन उभ्या आहेत आणि पाचवी येते. पाचपर्यंत चालते. गल्लीच्या तोंडाशी सहावी थांबली आहे, हातात रिकामी घागर, पुढे यावे की नाही याचा विचार करत.